दोघांची तीर्थयात्रा आणि घरचा हिशेब

बरकतपुऱ्याच्या चमनाजवळ भविष्य निर्वाह निधीचे मोठे कार्यालय आहे. नोकरीतून निवृत्त झालेली माणसे हाती कागदांची पिशवी घेऊन तेथे येतात आणि आयुष्यभराच्या कष्टांचा पैसा खात्यावर केव्हा जमा होईल याची चौकशी करतात. तो पैसा हाती येण्यापूर्वीच घरात त्याला वाटा फुटलेल्या असतात. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे उरलेले हप्ते, आणि या सर्वांच्या शेवटी, काहीशा संकोचाने बोलून दाखविलेली नवराबायकोची एक जुनी इच्छा: "फादर, एकदा दोघांनी मिळून रोम आणि लूर्द पाहावे असे मनात आहे." लग्नाला पंचवीस वर्षे होत आली म्हणजे ही इच्छा विशेष बळावते.

ही इच्छा केवळ चैनीची आहे असे आम्हांस वाटत नाही. संसाराच्या धबडग्यात पतिपत्नी एका छपराखाली राहतात. तथापि एकमेकांशी निवांत बोलण्याची सवड त्यांना क्वचितच मिळते. पंधरा दिवस दोघांनी एकत्र चालावे, एकत्र प्रार्थना करावी, वाट चुकली तर दोघांनी मिळून शोधावी, यात लग्नसंस्काराच्या कृपेला उजाळाच मिळतो. पण ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे; आणि मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभू येशूने संत लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. मग मर्यादित पैशांत ही यात्रा कशी आखावी, याचा विचार येथे करू.

दोन दांपत्ये

कोचीचे के. आर. विजयन आणि त्यांची पत्नी मोहना यांचे नाव पुष्कळांच्या कानांवर गेले असेल. चहाचे लहानसे दुकान चालविणाऱ्या या जोडप्याने रोजच्या कमाईतून तीनशे रुपये बाजूला टाकण्याचा नेम धरला आणि पंचविसाहून अधिक देश पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये, रशियाच्या प्रवासाहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, विजयन यांचे निधन झाले. दोघांनी प्रवासासाठी कर्जही काढले होते व दुकानाच्या उत्पन्नातून ते फेडले होते. त्यांच्या कर्जाचे अनुकरण करा असे आम्ही म्हणणार नाही. रोज बाजूला पडणाऱ्या तीनशे रुपयांचे मात्र अवश्य करावे. थेंबे थेंबे तळे कसे साचते ते त्यांनी दाखवून दिले.

दुसरे दांपत्य फ्रान्समधील आलांसाँ गावचे. लुई मार्टिन घड्याळे दुरुस्त करीत, झेली मार्टिन लेस विणवून घेण्याचा धंदा सांभाळीत. १८५८ साली त्यांचा विवाह झाला; त्याच वर्षी लूर्द येथे पवित्र मारियेने बर्नादेतला दर्शन दिले होते. झेलीबाईंना कर्करोग झाला, तेव्हा १८७७ च्या जून महिन्यात त्या मुलींना घेऊन लूर्दला गेल्या. रोग बरा झाला नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी देह ठेवला. दहा वर्षांनी, १८८७ साली, लुई आपल्या दोन मुलींना घेऊन रोमच्या यात्रेस गेले. त्या मुलींपैकी धाकटी म्हणजेच बाळयेशूची संत तेरेजा. रोमची वाट लुईंनी पत्नीविना चालली. पुढे १८ ऑक्टोबर २०१५ रोजी याच पतिपत्नींना रोममध्ये एकाच वेळी संतपद जाहीर झाले. दांपत्य म्हणून एकत्र संतपदी चढलेले ते पहिलेच.

या हकिगतीतून प्रापंचिकांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. "सर्व जबाबदाऱ्या आटोपल्यावर पाहू" असे म्हणता म्हणता गुडघे थकतात, आणि कधी कधी दोघांपैकी एकच उरतो. म्हणून यात्रा वेळेवर करावी. आणि वेळेवर करावयाची तर ती लहान करावी.

ठिकाणे किती?

आमच्या लोकांची पहिली चूक येथेच होते. एवढा खर्च करून जातोच आहोत, तर फातिमाही पाहू, लंडनही जवळच आहे, स्वित्झर्लंडचा बर्फही राहू नये, अशी यादी लांबत जाते. प्रत्येक नवे ठिकाण म्हणजे नवे भाडे, गाडीत गेलेला एक दिवस आणि पुन्हा उचललेले सामान. लंडनला जावयाचे तर ब्रिटनचा व्हिसा निराळा काढावा लागतो. फातिमा हे थोर तीर्थ खरे. परंतु लिस्बनहून फ्रान्सच्या सीमेपर्यंत जाणारी रात्रीची जुनी आगगाडी मार्च २०२० पासून बंद आहे, आणि त्यामुळे फातिमा व लूर्द एकाच यात्रेत जोडणे खिशाला जड जाते.

आमची सूचना अशी: मुक्काम तीनच करावे. पॅरिसला तीन रात्री, लूर्दला तीन आणि रोमला सहा. पॅरिसमध्ये र्यू द्यु बाकवरील चमत्कारी पदकाचे देवालय आहे. १८३० साली संत कॅथरिन लाबूरे हिला तेथे पवित्र मारियेचे दर्शन घडले. एप्रिल २०१९ मध्ये आगीत सापडलेले नोत्र दाम कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले आहे. दोन्हीकडे प्रवेशास पैसे पडत नाहीत. पॅरिसहून सकाळच्या गाडीने लिझ्यो येथे जाऊन संध्याकाळी परतता येते. तेथील बॅसिलिकेच्या तळघरात संत लुई व संत झेली यांचे अवशेष आहेत. विवाहाचा वाढदिवस साजरा करणाऱ्यांस याहून योग्य स्थान कोणते?

पॅरिसहून लूर्दला वेगवान गाडीने सुमारे पाच तास लागतात. तेथून तुलूझ शहर गाठून विमानाने रोमला जावे. स्वस्त विमानांत तिकिटाच्या किमतीत बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी येते. मोठ्या सामानाचे पैसे आधीच भरावे, विमानतळावर ते फार जबर पडतात. रोमहून असिसी एका दिवसात करता येते. इटलीतील साध्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, आधी काढा की आयत्या वेळी काढा. मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो. हैदराबादहून तिकीट काढताना जाण्याचे पॅरिसला आणि परतीचे रोमहून असे एकत्रच काढावे; म्हणजे केवळ परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठण्याचा खर्च वाचतो.

कागदपत्रे

प्रवासाच्या सहा महिने आधी घरातले सर्व दाखले एकदा टेबलावर मांडावे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि विवाहाच्या नोंदीत तिसरे, हे आमच्या नोंदवह्यांत नित्य दिसते. विशेषतः बायकांच्या बाबतीत. हा घोळ आधी निस्तरावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

फ्रान्स व इटली दोन्ही शेंगेन देशांत मोडत असल्यामुळे व्हिसा एकच पुरतो. अर्ज ज्या देशात अधिक रात्री काढावयाच्या त्या देशाकडे करावा. रात्री सारख्याच असल्यास प्रथम ज्या देशात प्रवेश करावयाचा त्या देशाकडे करावा. वरच्या आखणीत दोन्हीकडे सहा-सहाच रात्री होतात, म्हणून तो फ्रान्सकडे जाईल. जून २०२४ पासून प्रौढ माणसाची फी नव्वद युरो आहे. केंद्राचा आकार निराळा. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकालास साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत राहण्याच्या जागा रद्द करता येतील अशाच ठेवाव्या. बँकेच्या खात्यात आयत्या वेळी कोणाकडून उसने आणून पैसे भरू नयेत. ते लबाडीचे आहे, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटत नाही.

पैशाची वाटणी

आता हिशेब मांडू. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत. दोघांसाठी आपणच घालून घ्यावयाच्या मर्यादा आहेत. युरोचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला आहे; हिशेबाला एकशे दहा धरावा, म्हणजे फसगत होणार नाही.

विमानाचे भाडे दोघांचे मिळून १,४०,००० रुपये. व्हिसा, विमा व किरकोळ कागदपत्रे ३०,००० रुपये. बारा रात्रींचे राहणे, रात्रीस ८० युरोंप्रमाणे, १,०५,६०० रुपये. तेरा दिवसांचे जेवण, दिवसास ३० युरोंप्रमाणे, ४२,९०० रुपये. युरोपातील गाड्या व एक विमान, ६०० युरो, म्हणजे ६६,००० रुपये. अडीअडचणीसाठी ४०,०००. दानधर्म व घरच्यांसाठी लहानसहान वस्तू १५,०००. एकूण ४,३९,५०० रुपये. दरमहा १२,५०० रुपये बाजूला टाकले तर तीन वर्षांत साडेचार लाख होतात. म्हणजे हा मनोरा उभा राहू शकतो. ज्यांना निम्मेच जमते, त्यांनी सहा वर्षांची मुदत धरावी आणि विवाहाच्या एकोणिसाव्या वर्षीच डबा सुरू करावा.

भविष्य निधीच्या रकमेला हात लावण्यापूर्वी दोघांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावे. आजारपणाची तरतूद वेगळी आहे काय? कोणाचे देणे राहिले आहे काय? हा खर्च झाल्यावर म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागेल काय? यांपैकी एकाचेही उत्तर मनास टोचत असेल, तर यात्रा पुढे ढकलावी किंवा एक मुक्काम कमी करावा. सहल-कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कंपनी परदेशी सहलीच्या पैशांवर कर आगाऊ वसूल करते. पावती जपून ठेवल्यास आयकराच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

राहणे आणि जेवणे

रोममध्ये अनेक धर्मभगिनींच्या मठांत यात्रिकांसाठी खोल्या असतात. खोली साधी, स्वच्छ. रात्री ठरावीक वेळी दार बंद होते. ज्यांना रात्रीचा बाजार हिंडावयाचा नाही त्यांना यात अडचण कोणती? लूर्द येथे हलाखीच्या स्थितीतील यात्रिकांसाठी सेकूर कातोलिक या संस्थेने सिते सँ-पिएर हे विश्रांतिस्थान चालविले आहे. लूर्दचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात पुष्कळ खानावळी व हॉटेले बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास गर्दी अलोट होते. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरचा आरंभ बरा. मात्र ईस्टरचा आठवडा टाळावा. त्या वेळी रोममध्ये जागा महाग होतात.

रोममधील चारही महाबॅसिलिकांत प्रवेश विनामूल्य आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस यांची साधी कबर त्यांपैकी सांता मारिया माज्जोरे येथे आहे. पोपमहाशय रोममध्ये असताना बुधवारी त्यांची जाहीर भेट असते. तिचे तिकीट फुकट मिळते, कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. रस्तोरस्ती वाहणाऱ्या लोखंडी नळांचे पाणी पिण्याजोगे असते. बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

घरून चिवडा, शेव, चटणी अवश्य न्यावी. परंतु मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे घरीच वाटून टाकावे. सकाळी पाव आणि फळे दुकानातून आणावी, दिवसातून एकदाच बसून गरम जेवावे. लूर्दचे तीर्थ झऱ्याच्या नळांवर हवे तेवढे मिळते, पण विमानात हातच्या पिशवीत मोठी बाटली चालत नाही; ती मोठ्या सामानात नीट बांधून ठेवावी.

शेवटचे दोन शब्द

सर्व आखणी झाली तरी काही हातचे सुटेलच. गाडी चुकेल, पाऊस लागेल. त्या वेळी "तुम्हीच म्हणाला होता" आणि "तुझ्यामुळेच उशीर झाला" हे दोन शब्द गिळता आले, तर निम्मी यात्रा तेथेच फळाला आली असे समजावे. आणि झेलीबाईंची आठवण ठेवावी. त्या लूर्दहून रोग घेऊनच परतल्या, पण श्रद्धा गमावून परतल्या नाहीत. आपण देवाशी सौदा करावयास जात नाही.

ज्यांना कधीच जाणे जमणार नाही, अशी घरेही आमच्या धर्मग्रामात आहेत, आणि त्यांनी मन लहान करू नये. संत तेरेजा पंधराव्या वर्षी मठात शिरली आणि पुन्हा कोठे गेली नाही. तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला मिशनकार्याची आश्रयदाती केले. मात्र ज्यांना जमण्याजोगे आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरी एक कोरी वही काढावी, पहिल्या पानावर दोघांनी मिळून तीन गावांची नावे लिहावी, आणि दुसऱ्या पानावर त्या महिन्याची पहिली शिल्लक. प्रभू त्यांची वाट सुखरूप करो.