रुंद छाती, बारीक कंबर आणि लग्नाचा कोट

लग्नसराईच्या तोंडावर कापडाच्या मोठ्या दुकानातील आरशासमोर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. घरचा उपवर चिरंजीव रोज पहाटे व्यायामशाळेत जाणारा. छाती ४४ इंच, कंबर ३२. चाळीस नंबरचा कोट त्याच्या खांद्यातच अडकतो. बेचाळीसचा अंगात जातो, पण बटण लावताच छातीवर ताणला जातो. चव्वेचाळीसचा छातीला बसतो आणि पोटापाशी रिकाम्या पोत्यासारखा लोंबतो. सोबत आलेले काका म्हणतात, "अरे, व्यायाम जरा कमी कर!" सगळे हसतात, मुलगा ओशाळतो. स्वागतसमारंभ पंधरा दिवसांवर आलेला असतो, म्हणून त्यातलाच एखादा कोट 'चालून जाईल' असे म्हणत बांधून घेतला जातो. आणि ते चालून जाणे पुढे आयुष्यभर अल्बममध्ये दिसत राहते.

वस्तुतः दोष त्या देहाचा नाही, मापाच्या कोष्टकाचा आहे. तयार सूट बहुधा छाती आणि कंबर यांत सहा इंचांचे अंतर धरून बेततात. चाळीसच्या कोटाबरोबर चौतीसची पँट येते ती यामुळेच. धंद्याच्या भाषेत या अंतराला 'ड्रॉप' म्हणतात. नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणाचा ड्रॉप आठ, दहा, क्वचित बारा इंचांपर्यंतही जातो. दुकानदार असा माल का ठेवत नाही, हे व्यापारी घरात समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक रंगात, प्रत्येक नंबरात वेगळ्या ड्रॉपचे नग भरले तर भांडवल अडकते, आणि त्या मापाचे गिऱ्हाईक मोसमात मोजकेच येते. काही ठिकाणी मात्र कोट आणि पँट सुटे विकतात. दुकानात पाऊल टाकताच पहिली चौकशी त्याची करावी.

यात एक गंमत दडलेली आहे. फ्रेडरिक शोल्टे हे लंडनचे नामांकित शिंपी. राजपुत्र एडवर्ड, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, त्यांच्याकडून कोट शिवून घेत. राजरक्षक दलातील अधिकाऱ्यांच्या लांब कोटांत छातीवर कापड सैल राहते आणि कमरेला आवळले जाते, हे शोल्टे यांनी हेरले आणि साध्या नागरी कोटात तीच ठेवण आणली. १९३०च्या दशकात ही पद्धत चांगलीच रुळली. सामान्य अंगकाठीचा माणूसही रुंद छातीचा आणि बारीक कमरेचा दिसावा, हा तिचा परिणाम. म्हणजे कोटाने जो आभास निर्माण करायचा, तो व्यायामी तरुणाच्या अंगात मुळातच असतो. त्याच्या कोटात खांद्याला जाड पॅड घातले की तो रुबाबदार न दिसता कपाटासारखा चौकोनी दिसतो. पॅड काढावे, निदान अगदी पातळ ठेवावे.

तयार कोट घ्यायचाच असेल, तर खांदा आणि छाती पाहून घ्यावा. कमरेचा विचार मागाहून. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकाशीच यावी, कारण तेथे दुरुस्ती करायची म्हणजे बाही उसवून जवळजवळ नवा कोट बांधणे होय. कंबर मात्र बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीतून दोनेक इंच सुखाने आत घेता येते. त्याहून अधिक घेतल्यास खिसे मागे सरकतात आणि कोटाचा तोल जातो. तेव्हा आठ इंचांपर्यंतच्या ड्रॉपला तयार कोट दुरुस्तीने निभावतो. दहा-बारा इंचांचा असेल तर सरळ मास्तरांकडे जाणे बरे, आणि तेही कार्याच्या दीड महिना आधी.

माप व्यायामानंतर लगेच देऊ नये. त्या वेळी स्नायूंत रक्त भरलेले असते आणि दंड फुगलेले असतात. छाती काढून उभे राहण्याचा मोहही आवरावा. छाती, कंबर, उंची ही मापे कोणीही घेतो. अशा देहासाठी दंडाचा घेर, मांडीचा घेर आणि पाठीची रुंदी आवर्जून घ्यायला सांगावी. मानेलगतचे स्नायू उंच वाढलेले असतील तर खांदे उतरते होतात आणि कॉलरखाली आडवी घडी पडते, तीही मास्तरांना दाखवावी. बाहीत हात आवळतो म्हटल्यावर मुंढा खाली खोल कापणे, ही नेहमीची चूक. त्याने हात उचलताच अख्खा कोट वर चढतो. मुंढा काखेलगत ठेवून बाहीचा घेर वाढवला, तर हात मोकळा राहतो आणि कोट जागेवर.

५८ इंच पन्ह्याचे तीन ते सव्वातीन मीटर कापड सुटाला साधारण पुरते. येथे साडेतीन घ्यावे. शिवणीत माया भरपूर सोडायला सांगावी, कारण लग्नानंतर व्यायामशाळा सुटते आणि जेवणावळी सुटत नाहीत. फार तलम कापडावर प्रत्येक ताण उमटतो. थोडे वजनदार कापड बरे पडते.

जैन घरात आणखी एक चौकशी होणे स्वाभाविक आहे. उंची कोटाच्या छातीत घालण्याच्या कॅनव्हासमध्ये पुष्कळदा घोड्याचे केस विणलेले असतात, बटणे शिंगाची असतात आणि अस्तर रेशमाचे असू शकते. सुती कॅनव्हास, कोरोझो या ताडवर्गीय झाडाच्या बियांची बटणे आणि कापसाच्या तंतूंपासून होणारे क्युप्रोचे अस्तर हे पर्याय आहेत. कापड देतानाच तसे सांगितले म्हणजे पुढे खंत उरत नाही.

पँटीचे गणित कोटासारखेच. आसन आणि मांडी यांना बसेल अशी घ्यावी, पुढे एक-दोन प्लीट ठेवाव्यात आणि कंबर आत घ्यावी. खिसे कानांसारखे बाहेर आले, तर मांडीत कापड कमी पडले असे समजावे.

कच्च्या टाक्यांवरची ट्रायल मात्र नुसती आरशासमोर उभे राहून उरकू नये. बटण लावावे आणि तेथून चुण्या फाकतात का ते पाहावे. वरमाला घालताना वर जातात तसे दोन्ही हात उचलावेत. खुर्चीवर बसावे. आजी-आजोबा समोर आहेत असे समजून पूर्ण वाकून नमस्कार करावा, उठावे, आणि कॉलर मानेला पुन्हा टेकते की नाही, हे मागे उभ्या असलेल्या काकांनी सांगावे.