साथीचा खेळ आणि ‘बाजूला झालेले’

पडद्यावर ठिपके फिरत असतात. निळे निरोगी, तांबडे बाधित, करडे आजारातून बाहेर पडलेले. तांबडा निळ्याजवळ आला की निळाही तांबडा होऊ शकतो. ‘नेटलोगो’ या मोफत संगणकप्रणालीत अशी प्रतिरूपे तयार मिळतात. संसर्गाची शक्यता, आजाराचा काळ, लोकांची दाटी हे सारे विद्यार्थ्याने बदलायचे आणि आलेख पाहायचा. मी साहित्य शिकवतो. प्लेगच्या काळातले मराठी लेखन वाचण्याआधी हा खेळ वर्गात घेतो.

संगणक नसला तरी अडत नाही. पिशवीत सगळ्यांच्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. नव्याने बाधित झालेल्याने दोन काढायच्या, वाचून परत टाकायच्या. ज्याचा क्रमांक निघेल त्याने उभे राहायचे. सुरुवातीला एकाचे दोन, दोनाचे चार होतात. पुढे उभ्या असलेल्यांचेच क्रमांक पुन्हा निघू लागतात. निम्मा वर्ग उभा राहिला की दोन चिठ्ठ्यांपैकी सरासरी एकच बसलेल्याची निघते. तिथून साथ ओसरते. शेवटी बहुधा काही मुले बसलेलीच राहतात. साथ थांबायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही, हे फळ्यावर लिहून पटत नाही, त्या मुलांकडे पाहून पटते. गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो असे धरतात. म्हणून तिथे ९० टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित असावे लागतात.

हे गणित कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले. पडताळणीसाठी त्यांनी मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू घेतले. वक्र छान जुळला. पण गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो आणि त्या समीकरणांत उंदरांचा वेगळा गट नाही. आलेख जुळला म्हणजे कारणही सापडले का, यावर वर्गात कडाक्याचा वाद होतो. (त्यात विज्ञान शाखेतून आलेली मुले भाव खाऊन जातात.)

माझा खरा अडसर तिसऱ्या गटाच्या नावाशी आहे. मूळ संज्ञेचा अर्थ ‘बाजूला झालेले’ असा. आपण सहज ‘बरे झालेले’ म्हणून मोकळे होतो. पण त्या रकान्यात मेलेलेही असतात; रोग दोघेही पसरवत नाहीत, एवढेच गणिताला पुरते. मुंबईचे आकडे तर मृत्यूंचेच होते. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले या तक्त्यात करडा ठिपका ठरतात. म्हणून मी करड्याचे दोन रंग करायला लावतो. आलेखात त्याने काही बदलत नाही. मेलेल्यांना कोणता रंग द्यायचा, हे ठरवायला मुलांना बराच वेळ लागतो.