माध्यमिक शाळेतील तंत्रशिक्षण : पानिपतच्या निमित्ताने

मराठी माणसाच्या मनात पानिपत हे नाव १४ जानेवारी १७६१ या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. एखाद्या कामाची पुरती धूळधाण उडाली की 'पानिपत झाले' असे आपण आजही म्हणतो. त्या रणभूमीच्या परिसरात आज उभे असलेले शहर मात्र वेगळ्या कारणासाठी देशाला परिचित आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसलेले पानिपत हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एक प्रमुख वस्त्रोद्योग केंद्र आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली अनेक विणकर कुटुंबे येथे स्थायिक झाली आणि सतरंज्या, चादरी, पडदे, गालिचे व ब्लँकेट यांच्या उत्पादनाने या गावाचे रूप पालटले. पुढे खत कारखाना आला, १९९८ मध्ये इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला आणि २०२२ मध्ये शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल तयार करणारा प्रकल्पही याच जिल्ह्यात राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

अशा शहरात नववी-दहावीत शिकणारा विद्यार्थी सकाळी ज्या रस्त्याने शाळेत जातो, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माग चालत असतात. परंतु त्याच्या पाठ्यपुस्तकातील विज्ञान आणि भिंतीपलीकडे चाललेले काम यांचा परस्परांशी संबंध आहे, हे त्याला शाळेत कळते काय? माध्यमिक स्तरावरील तंत्रशिक्षणाचा प्रश्न मुळात हाच आहे. प्रस्तुत लेखात या शिक्षणाची पार्श्वभूमी, हरियाणात झालेला प्रयोग, महाराष्ट्रातील पाबळचा अनुभव आणि यापुढील आव्हाने यांचा विचार केला आहे.

तीन भिन्न संकल्पना

या विषयाच्या चर्चेत तीन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. पहिली संकल्पना कार्यानुभवाची. हाताने काम करता करता शिकणे हा तिचा गाभा असून विशिष्ट नोकरीची तयारी करून घेणे हा तिचा हेतू नाही. दुसरी व्यवसाय शिक्षणाची. येथे विद्यार्थी वाहन दुरुस्ती, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा अशा एखाद्या क्षेत्रातील ठरावीक कामाचे कौशल्य मिळवतो आणि त्याचे प्रमाणपत्र घेतो. तिसरी संकल्पना तंत्रज्ञान शिक्षणाची. वस्तू कशी चालते, ती अशीच का बनवली आणि तिच्यात सुधारणा कशी करता येईल, याचा विचार करावयास शिकवणे हे तिचे उद्दिष्ट होय. चांगल्या शालेय अभ्यासक्रमात या तिन्हींना स्थान असावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एकीच्या नावाखाली दुसरी दिली जाते आणि तिसरी राहून जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

माध्यमिक शिक्षणाला व्यावहारिक शाखा असावी, ही शिफारस १८८२ च्या हंटर आयोगाने केली होती. विद्यापीठ प्रवेशाकडे नेणारा एक प्रवाह आणि व्यापार-उद्योगास उपयोगी पडणारा दुसरा, अशी विभागणी त्या आयोगाने सुचवली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हस्तोद्योग हा शाळेतील एक जादा तास नसून सर्व विषय शिकवण्याचे माध्यम आहे, हा त्या योजनेचा मुख्य विचार होता.

स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची, तर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची आणि माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संकल्पना मांडली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. १९९२ मध्ये धोरणाचा फेरविचार होऊन हीच लक्ष्ये अनुक्रमे १९९५ आणि २००० या वर्षांपर्यंत पुढे ढकलण्यात आली. तीही गाठता आली नाहीत. बाराव्या पंचवार्षिक योजनेतील (२०१२-१७) अंदाजाचा दाखला देऊन २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की, भारतातील १९ ते २४ वयोगटातील श्रमशक्तीपैकी ५ टक्क्यांहून कमी व्यक्तींना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. हे प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

सुमारे शंभर वर्षे शिफारशी होऊनही यश का आले नाही? व्यवसाय शाखा ही 'मागे पडलेल्यांची शाखा' ठरली, हे त्याचे प्रमुख कारण होय. तिच्यातून पुढे पदवी शिक्षणाकडे जाण्याची वाट अरुंद होती. परत फिरण्याची सोय नसलेल्या रस्त्यावर कोणताही सुजाण पालक आपल्या मुलाला पाठवणार नाही.

हरियाणाचा प्रयोग

ही कोंडी फोडण्यासाठी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण अर्हता आराखडा आणला आणि त्याचा पथदर्शी प्रकल्प प्रथम हरियाणात राबवण्यात आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील ४० शासकीय शाळांत माहिती तंत्रज्ञान, वाहन, किरकोळ विक्री आणि सुरक्षा या चार क्षेत्रांतील अभ्यासक्रम सुरू झाले. अभ्यासक्रम व पाठ्यसाहित्याच्या निर्मितीत भोपाळ येथील पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा घटक आहे.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, व्यवसाय विषय वेगळ्या शाखेत न ठेवता नववीपासूनच सामान्य विषयांच्या जोडीने देण्यात आला. गणित, विज्ञान, भाषा शिकणारा विद्यार्थीच वाहन तंत्रज्ञानही शिकू लागला. त्यामुळे पुढील शिक्षणाचा मार्ग बंद होत नव्हता. २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात ही व्यवस्था सामावून घेण्यात आली. मूळ आराखड्यात १० स्तर होते. २०२३ मध्ये सुधारित आराखडा आला आणि स्तरांची संख्या ८ करण्यात आली. त्याच वर्षी राष्ट्रीय श्रेयांक आराखडाही जाहीर झाला. त्यानुसार ३० तासांचे अध्ययन म्हणजे एक श्रेयांक आणि एका वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक असे सूत्र ठरले. शालेय, उच्च व व्यवसाय शिक्षणातील श्रेयांक एकाच मापाने मोजले जावेत, हा त्यामागील हेतू आहे.

परिसर हीच प्रयोगशाळा

पहिल्या चार क्षेत्रांची निवड पाहिली तर एक प्रश्न पडतो. किरकोळ विक्री आणि सुरक्षा हे विषय कोठेही शिकवता येतात. त्यांना यंत्रसामग्री फारशी लागत नाही. परंतु पानिपतसारख्या गावात शाळेने मागाकडे पाठ फिरवून केवळ असे विषय शिकवणे म्हणजे घराशेजारची विहीर सोडून दूरवर पाणी शोधणे होय. शालेय व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय यादीत तयार कपडे व गृहसजावटीच्या वस्त्रांचे क्षेत्र समाविष्ट आहे. पानिपतमध्ये केंद्र शासनाचे विणकर सेवा केंद्रही आहे. म्हणजे सामग्री नाही असे नव्हे. ती शाळेशी जोडण्याचा प्रश्न आहे.

अशी जोडणी काय साधू शकते, याचे एक उदाहरण घेऊ. पानिपत हे टाकाऊ कपड्यांपासून सूत तयार करण्याचे जगातील मोठे केंद्र मानले जाते. परदेशांतून आलेले जुने लोकरी व इतर कपडे येथे रंगांनुसार निवडले जातात, बटणे व चेन काढून फाडले जातात, पिंजून त्यांचे तंतू मोकळे केले जातात आणि त्यांचे पुन्हा सूत कातून ब्लँकेट विणले जाते. कपडे आधीच रंगांनुसार वेगळे केल्यामुळे सूत पुन्हा रंगवण्याची गरज बरीच कमी होते आणि पाणी व रसायने वाचतात. या एका प्रक्रियेत तंतूंची लांबी व बळकटी हे भौतिकशास्त्र आहे, नैसर्गिक व कृत्रिम धाग्यांतील फरक हे रसायनशास्त्र आहे, मालाची ने-आण हा भूगोल आहे आणि कारखान्यातील धूळ हा आरोग्यशास्त्राचा विषय आहे.

दुसरे उदाहरण इंधनाचे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या निर्णयानुसार १ जानेवारी २०२३ पासून या क्षेत्रातील उद्योगांना केवळ मान्य यादीतील इंधने वापरण्याचे बंधन आले. रंगाईच्या कारखान्यांतील बाष्पकांचे इंधन बदलले की ते चालवणाऱ्याला लागणारे ज्ञानही बदलते. केवळ जुनी कृती पाठ असलेला कामगार अशा वेळी अडतो. ज्वलनाचे तत्त्व समजलेला कामगार नवी पद्धत आत्मसात करतो. तंत्रज्ञान शिक्षण आणि निव्वळ कारागिरी यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

मागाचा संबंध संगणकाशीही आहे. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४ मध्ये छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग तयार केला. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात याच पत्त्यांची कल्पना वापरली. आज्ञावली म्हणजे काय, हे पानिपतमधील मुलाला मागापाशी उभे राहून समजू शकते.

पाबळचा अनुभव

या दिशेने महाराष्ट्रात झालेला प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. उद्योगक्षेत्रातील संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी भागात येऊन राहिले. त्यांनी विकसित केलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन असे त्याचे चार विभाग आहेत.

गावाला हव्या असलेल्या वस्तू व सेवा विद्यार्थ्यांनी तयार करून द्याव्यात, हे या अभ्यासक्रमाचे मर्म आहे. वर्गात केलेली खुर्ची कोणी वापरणार असेल तर तिचे माप चुकून चालत नाही. एकाच कौशल्यात विद्यार्थ्याला बांधून न टाकता अनेक कौशल्यांचा परिचय करून देणे, हेही त्याचे वैशिष्ट्य. राष्ट्रीय कौशल्य आराखड्याखालील बहुकौशल्य अभ्यासक्रमाला या प्रयोगाचाच आधार आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेर सुरू झालेल्या जगातील पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक प्रयोगशाळा २००२ मध्ये पाबळला सुरू झाली, ही बाबही उल्लेखनीय आहे.

अडचणी आणि सावधगिरी

असे अभ्यासक्रम राबवताना चार प्रकारच्या अडचणी येतात. पहिली अडचण शिक्षकांची. व्यवसाय शिक्षक बहुधा प्रशिक्षण संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. शिक्षकाचे स्थान अस्थिर असेल तर कार्यशाळा उभी राहत नाही.

दुसरी अडचण प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची. नववी ते बारावीचे विद्यार्थी साधारणपणे १४ ते १८ या वयाचे असतात. बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोकादायक व्यवसायांत काम देण्यास मनाई आहे. ही तरतूद योग्यच आहे; शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याचा मार्ग उद्योगांना मोकळा होता कामा नये. म्हणून निरीक्षण भेटी, शाळेतील लहान माग आणि प्रशिक्षण केंद्रे यांच्या साहाय्याने अनुभव देण्याची जबाबदारी शाळेवर येते.

तिसरी अडचण मुलींच्या सहभागाची. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या योजनेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथूनच झाला. मुलींनी सौंदर्यशास्त्र निवडावे आणि मुलांनी वाहन दुरुस्ती, अशी वाटणी शाळेनेच केली तर शिक्षण जुन्या समजुतींना बळ देईल. यंत्राच्या देखभालीचे काम मुलींसही शिकवले गेले, तरच त्या योजनेचा आशय वर्गापर्यंत पोहोचेल.

चौथी अडचण सामाजिक प्रतिष्ठेची असून ती सर्वांत कठीण आहे. विणकराचा मुलगा विणकरच व्हावा यासाठी तंत्रशिक्षण नाही. विणकाम शिकलेला मुलगा वस्त्र अभियंता, आरेखक किंवा इतिहासाचा प्राध्यापक होऊ शकला पाहिजे. आणि प्राध्यापकाच्या मुलीनेही शाळेत मागावर बसले पाहिजे. केवळ गरिबांच्या शाळांत व्यवसाय विषय आणि इतरत्र केवळ पुस्तके, अशी विभागणी झाली तर १८८२ पासूनचे अपयश नव्या नावाने पुढे चालू राहील.

पुढील दिशा

२०२० च्या धोरणाने शालेय व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवण्यासाठी २०२५ हे वर्ष निश्चित केले होते. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, अशीही त्याची शिफारस आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा करण्यात आली.

आकडे मोठे आहेत. परंतु यापूर्वीची लक्ष्येही मोठीच होती. म्हणून केवळ किती शाळांत प्रयोगशाळा उघडल्या एवढ्यावर यश मोजता येणार नाही. त्या प्रयोगशाळेत आठवड्यातून किती तास काम चालते, शिक्षक टिकून राहतो काय, परिसरातील उद्योगाचा तेथे काही मागमूस दिसतो काय आणि तेथे शिकलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे दार खुले राहते काय, हे प्रश्न विचारावे लागतील. पानिपतच्या शाळेतील मुलाला आपल्या वडिलांचा माग आणि आपले विज्ञानाचे पुस्तक एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत असे जाणवले, तर धोरणातील शब्दांना अर्थ प्राप्त झाला असे म्हणता येईल.