दावणीचा भाव मोंढ्यात ठरतो

लातूर जिल्ह्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवती उभ्या माणसांना काही कळत नाही. आदत, दोन दाती, चौसा, जुळलेला असं बैलाचं वय दातांवरून मोजलं जातं. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही जाती याच मुलखातल्या. रुमालाखालचा तो आकडा मात्र बराचसा मोंढ्यात आणि दिल्लीत ठरलेला असतो.

मराठवाड्यात ज्वारी होती तेव्हा दाणा घरात जायचा आणि कडबा दावणीला. त्या पिकाने माणूस आणि बैल दोघांनाही सांभाळलं. सोयाबीन आलं, रोख पैसा आला. पण त्याचं भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. चारा विकत घ्यावा लागला तसा बैल महाग पडू लागला, आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला.

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो. एक क्विंटल गाळलं की तेल निघतं जेमतेम 18 किलो. उरलेला बहुतेक भाग पेंड. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याचं खरं गिऱ्हाईक कोंबडी आहे. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो आणि प्रथिनांसाठी सोयापेंड. पोल्ट्रीवाल्याचं गणित बिघडलं की पेंडीची मागणी हलते, पेंड हलली की मोंढ्यातला भाव हलतो.

2021 साली हे उघड दिसलं. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. पोल्ट्री उद्योगाने खाद्य परवडत नसल्याची ओरड केली. ती खोटी नव्हती, कारण खाद्य हाच त्यांचा सगळ्यात मोठा खर्च. केंद्राने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. त्याच वर्षी 20 डिसेंबरला बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले. पुढच्या चार-सहा महिन्यांत बाजार कुठे जाईल, हे सांगणारा एकमेव जाहीर फळा त्या दिवशी पुसला गेला.

मग इथेनॉल आलं. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि इथेनॉलचा बराच भार मक्यावर पडला. 2022-23 पर्यंत मका निर्यात करणारा आपला देश 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. मका पिकवणाऱ्याला दर मिळाला, हे चांगलंच झालं. पण इथेनॉलसाठी मका गाळल्यावर जो कोरडा चोथा उरतो, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, तोही प्रथिनयुक्त पशुखाद्यच. तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पोल्ट्री आणि पशुखाद्याच्या कारखान्यांनी तो घेतला आणि पेंडीचं गिऱ्हाईक तुटलं. एका शेतकऱ्याच्या मक्याने दुसऱ्याचं सोयाबीन पाडलं, आणि दोघांनाही ते कुणी सांगितलं नाही.

2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये. त्या दिवाळीत मोंढ्यात त्याहून बराच कमी दर मिळत होता. 2025-26 चा हमीभाव होता 5,328. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभं पीक पाण्यात गेलं, जनावरं वाहून गेली. जो दाणा हाती लागला तो भिजका, डागी. खरेदी केंद्राची ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. भिजलेला माल तिथे बसत नाही, आणि आडतीवर तो पडेल दराने जातो.

जनावरांच्या बाजाराचं दुखणं आणखी वेगळं. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर वळू-बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशीला नाही. त्यामुळे भाकड म्हशीला तळाचा एक भाव उरतो, थकलेल्या बैलाला उरत नाही. पूर्वी म्हातारा बैल विकून नव्या जोडीची काही रक्कम उभी राहायची. आता ती पूर्ण खिशातून घालावी लागते, आणि नको झालेला बैल पोसण्याचा खर्च वेगळा. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांमध्ये राज्यातलं गोधन सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. 2025 च्या पावसाळ्यात मांसाच्या धंद्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा जनावरांच्या वाहतुकीत त्यांना होणाऱ्या त्रासाचा विषय पुढे आला. बाजारात आणलेलं जनावर परत घरी न्यावं लागलं ते मात्र शेतकऱ्याला.

पुढचं काय? 2025 मध्ये देशात मक्याचा पेरा वाढला आणि सोयाबीनचा घटला. इथेनॉलची मागणी मक्याला आधार देईल, पण वाढलेली आवक भाव फार चढू देणार नाही. पेरा घटूनही सोयाबीन आपल्या बळावर हमीभाव ओलांडेल, असं मला वाटत नाही. मक्याचा चोथा स्वस्त आहे तोवर पेंड वर जाणार नाही. शेतकऱ्याचा आधार सरकारी खरेदीच, आणि ती काढणीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली तरच. देणी फेडायला माल त्याच आठवड्यात विकावा लागतो. अतिवृष्टीने चारा सडला की कडबा महागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जनावरं बाजारात गर्दी करतात. ज्यांना विकायचंच आहे त्यांनी तोवर थांबू नये.

वायदेबंदीची मुदत दरवेळी संपत आली की वाढवली जाते. 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत वाढवली गेली. पुढच्या मुदतवाढीआधी शेतकरी संघटनांनी आणि आमदार-खासदारांनी वायद्यांचा हा फळा परत मागावा. पेरणीआधी पुढचा भाव पाहण्याची सोय शेतकऱ्याला डिसेंबर 2021 पासून नाही.