विश्लेषण : जर्मनीतील तीन राज्यांच्या नावात ‘सॅक्सनी’ कसे आले?

जर्मनीच्या १६ राज्यांपैकी तीन राज्यांच्या नावात ‘सॅक्सनी’ आहे. लोअर सॅक्सनी, सॅक्सनी-आनहाल्ट आणि नुसते सॅक्सनी. यातील नुसते सॅक्सनी, म्हणजे ड्रेस्डेन आणि लाइपझिगचा प्रदेश, मूळ सॅक्सन लोकांची भूमी नव्हतीच. ती होती वायव्येला, आजच्या लोअर सॅक्सनीच्या परिसरात. मग हे नाव आग्नेयेला कसे पोहोचले?

मूळ सॅक्सनी कोणती?

उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापासून आत पसरलेल्या प्रदेशात सॅक्सन टोळ्या राहत. त्यांना जिंकण्यासाठी फ्रँक राजा शार्लमेनला इ.स. ७७२ ते ८०४ असा तीन दशकांहून अधिक काळ झुंजावे लागले. पण शतकभरातच चित्र पालटले. येथील लिउडोल्फिंग घराण्यातील ड्यूक हेन्री ९१९ मध्ये राजा झाला. त्याचा मुलगा ओटो पहिला याला ९६२ मध्ये रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट मिळाला. पुढे ही डची बिलुंग घराण्याकडे गेली, ते ११०६ पर्यंत टिकले.

डची फुटली कशामुळे?

बाराव्या शतकात वेल्फ घराण्याचा हेन्री ‘द लायन’ येथे ड्यूक होता. बव्हेरियाही त्याच्याकडेच होते. म्युनिक शहराचा उदय आणि ल्यूबेक बंदराची भरभराट त्याच्याच काळातली. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा त्याचा आतेभाऊ. इटलीतील मोहिमेसाठी बार्बारोसाने मदत मागितली तेव्हा हेन्रीने नकार दिला आणि ११७६ मध्ये लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला. त्यातच हेन्रीच्या दांडगाईविरुद्ध इतर सरदारांच्या तक्रारी होत्याच. बोलावूनही तो दरबारात हजर राहिला नाही. अखेर ११८० मध्ये त्याच्या दोन्ही डची काढून घेण्यात आल्या. सॅक्सनीचा पश्चिम भाग कोलोनच्या आर्चबिशपला मिळाला, तर ड्यूक ही पदवी आस्कानियन घराण्याच्या बर्नहार्डकडे गेली.

नाव कसे सरकले?

कळीचा मुद्दा येथेच आहे. बर्नहार्डला पदवी मिळाली. पण जुन्या सॅक्सनीची सत्ता मिळाली नाही. त्याच्या वंशजांची ताकद पूर्वेला, एल्बे नदीकाठच्या विटेनबर्ग परिसरात होती. पदवी ज्याची, त्याचा मुलूख ‘सॅक्सनी’ ठरू लागला. १३५६ च्या ‘गोल्डन बुल’ फर्मानाने राजा निवडणाऱ्या सात इलेक्टरांमध्ये विटेनबर्गच्या ड्यूकचे स्थान पक्के केले. त्यामुळे या पदवीचे मोल आणखी वाढले.

१४२२ मध्ये विटेनबर्गची ही शाखा निर्वंश झाली. पुढच्याच वर्षी सम्राट होऊ घातलेल्या राजा सिगिसमुंडने ही पदवी मायसेनच्या वेटिन घराण्यातील फ्रेडरिकला दिली. वेटिनांचा मूळ मुलूख एल्बेच्या वरच्या अंगाला होता. पदवी तेथे गेली आणि तिच्यामागोमाग नावही गेले.

वेटिन घराण्याचे पुढे काय झाले?

१४८५ मध्ये एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त या भावांनी वाटण्या केल्या. एर्न्स्टचा मुलगा फ्रेडरिक ‘द वाइज’ याने मार्टिन ल्यूथरला आश्रय दिला. १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत एर्न्स्टची शाखा हरली आणि इलेक्टरपद आल्ब्रेख्तच्या शाखेकडे गेले. १८०६ मध्ये सॅक्सनीचे राजतंत्र झाले. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत विटेनबर्गसह मोठा मुलूख प्रशियाला द्यावा लागला. १९१८ मध्ये राजेशाही संपली.

भारताशी संबंध काय?

हेन्री ‘द लायन’च्या वंशजांनी ब्रुन्सविक-ल्यूनेबर्गची जहागीर राखली. त्यातूनच हॅनोव्हर घराणे पुढे आले आणि १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर बसले. भारताची सम्राज्ञी झालेली व्हिक्टोरिया याच घराण्यातली. तिचे पती आल्बर्ट मात्र सॅक्स-कोबर्ग-गोथाचे, म्हणजे वेटिनांच्या एर्न्स्ट शाखेचे. पदवी गमावलेले आणि ती नंतर मिळवलेले, अशी दोन्ही घराणी या विवाहात एकत्र आली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिश राजघराण्याने हे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ नाव घेतले.

आज त्याच्या खुणा कुठे दिसतात?

सॅक्सनीच्या राज्यचिन्हात काळ्या-सोनेरी पट्ट्यांवर तिरकी हिरवी माळ आहे. ती आस्कानियनांची देणगी. लोअर सॅक्सनीच्या चिन्हात पांढरा घोडा आहे, तो वेल्फ घराण्याच्या परंपरेतला. सॅक्सन लोक मात्र बहुतांशी होते तेथेच राहिले. प्रवास केला तो त्यांच्या नावाने.