शाळेंतील कवाईत आणि आपलीं मुलें

मुलगा आठव्या इयत्तेंत गेला कीं एके दिवशीं शाळेंतून छात्रसेनेचा अर्ज घेऊन येतो, आणि घरांत वादाला तोंड फुटतें. आजोबा म्हणतात, "जाऊं दे, पोक तरी जाईल." आई विचारते, अभ्यासाचा वेळ कोठून काढावयाचा? आणि आजी हळूच पुसते, उद्यां लढाई जुंपली तर पोराला बोलावतील काय?

आजीच्या शंकेचें निरसन सोपें आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. तींत नांव घातल्यानें लष्करी नोकरीचें कोणतेंही बंधन येत नाहीं.

आईचा प्रश्न अधिक खरा आहे. शाळेंतील शिक्षणक्रम दोन वर्षांचा. त्यांत कवाईत, बंदुकीची ओळख, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि छावणी. मात्र आठवींत प्रवेश घेतला तर हीं दोन वर्षें नववीअखेर संपतात व दहावीचें वर्ष मोकळें राहतें, हें पुष्कळ पालकांच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय छावणींतील दिवस शिकवणीच्या तासांत मोजूं नयेत. आपल्या घरीं मुलाचें ताट आई उचलते, अंथरूण आजी घालते. (वडील काय करतात, हें न विचारलेलें बरें!) छावणींत तोच मुलगा स्वतःचें ताट घासतो, पहाटे बिछाना गुंडाळतो आणि शेतकऱ्याच्या व गिरणी-कामगाराच्या मुलांशेजारीं पंक्तीस बसतो. हें शिक्षण चार भिंतींत राहून मिळणें कठीण.

तथापि सर्वांवर सक्ती करा असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. चिनी आक्रमणानंतर १९६३ सालीं महाविद्यालयांत ही सेना सक्तीची झाली व १९६८ सालीं पुन्हां ऐच्छिक करावी लागली. मन नसलेल्या मुलांची रांग लांब होते, सरळ होत नाहीं.

मुलींविषयीं तर घरोघरीं अजून संकोच आहे. त्यांचा विभाग १९४९ सालींच निघाला होता! खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत २०२२ सालीं मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यांत तिनें शिक्षण पुरें केलें. आतां "हें आपल्या मुलींचें काम नव्हे" असें कोणत्या तोंडानें सांगावें?

पुढील विस्ताराची योजनाही मोठी आहे. सीमेवरील व समुद्रकांठच्या १७३ जिल्ह्यांत एक लक्ष नवे छात्र, त्यांत तृतीयांश मुली, अशी घोषणा २०२० सालीं झाली. पण संख्या वाढविणें कागदावर सोपें असतें. शाळेंतील पथकाचा भार वाहतो तो तेथलाच एखादा शिक्षक. आठवडाभर गणित वा भूगोल शिकवून तो उन्हांत मुलांबरोबर उभा राहतो, गणवेषांचा हिशेब ठेवतो, छावणीला जातो, आणि मानधन घेतो तें नांवापुरतें. एखाद्या शाळेचें पथक कसें आहे हें जाणून घ्यावयाचें असेल तर चषकांचें कपाट पाहूं नये. त्या शिक्षकाला मुख्याध्यापक तासांत किती सवलत देतात, एवढें विचारावें.