टिळकांनंतरची सतरा वर्षे

९ मे १९१९ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. मराठी वाचक त्यांना ज्या लेखनामुळे ओळखतो, ते जवळजवळ सगळे यानंतरच्या सतरा वर्षांतले आहे.

त्यातले पहिले मोठे काम त्यांनी स्वतःसाठी घेतले नव्हतेच. 'ख्रिस्तायन' हे येशूचे पद्यचरित्र टिळकांनी आरंभले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय बाईंनी रचले. पत्नीने पतीचे अपुरे काम तडीस नेले, असे कौतुकाने सांगतात. पण हिशेब करून पाहा. ग्रंथाचे सहा हिस्से तिचे, एक त्याचा! याला 'पुरे करणे' म्हणायचे की 'लिहिणे'?

मग 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. पहिला भाग १९३४ साली आला. भांडवल होते ते साऱ्या आयुष्याचे. आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की घरात मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, मनस्वी, हाती पैसा आला की देऊन मोकळा, आणि न सांगता घरातून निघून जाणारा. अपत्ये जगेनात. दत्तू तेवढा राहिला. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढची सुमारे पाच वर्षे या पुस्तकाचा गाभा आहेत. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहान मूल, आसरा नातेवाइकांचा. दुःखाने त्या अक्षरशः भ्रमिष्टासारख्या झाल्या. हळूहळू पुन्हा एकत्र आल्या, तरी चूल आणि सोवळे आपले राखूनच. जातीचा प्रश्न त्यांनी पुस्तकावरून सोडवला नाही, स्वतःशी भांडून सोडवला. आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग गेल्या, हे त्यामुळे अर्धेच खरे.

हे सगळे लिहिताना त्या हसतात, हसवतात. त्याला 'निर्मळ विनोद' म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. मला तो इतका निर्मळ वाटत नाही. या प्रसंगांवर त्यांनी तीस-चाळीस वर्षांनी लेखणी चालवली, राग निवल्यावर. टिळकांचा तऱ्हेवाईकपणा त्या जराही झाकत नाहीत आणि त्यांचे मोठेपणही कुठे कमी करत नाहीत. स्वतःच्या फजितीला तर सर्वांत जास्त जागा देतात. नगरला त्यांच्या घरी राहिलेले बालकवी ठोंबरेही या पुस्तकात भेटतात ते घरातल्या मुलासारखे. कवीचा मखर त्यांना नाही.

फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग अपुरा राहिला होता. तो मुलाने, देवदत्तांनी, प्रसिद्ध केला. 'ख्रिस्तायन'चा शेवटचा अध्यायही देवदत्तांचाच.

शाळेच्या पुस्तकातला विनोदी उतारा वाचून 'स्मृतिचित्रे' वाचले असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी १८९५ पासूनची पाने तरी एकदा सलग वाचावीत.